घरात येणारी तार: ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील जोडण्यांचा इतिहास

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांतील मध्यमवर्गीय घरांत ब्रॉडबँडची जोडणी कोणाकडून घ्यावी हा प्रश्न आज बहुधा दोन पिढ्या मिळून सोडवितात. घर वडीलधाऱ्यांचे असते, बिलही पुष्कळदा त्यांच्याच नावावर यायचे असते. पण दरपत्रके पाहणे, वेगांची तुलना करणे आणि अर्ज भरणे ही कामे मुलगी, सून, पुतण्या किंवा भाचा करतो, आणि तो अनेकदा त्या घरात, काही वेळा त्या देशातही, राहत नसतो. या व्यवहारात एक ठरावीक मतभेद आढळतो. तरुण नातेवाईक वेग आणि दर विचारतो, तर ज्येष्ठ व्यक्ती बिघाड झाल्यास कोण येणार, जुना नंबर राहणार का आणि पैसे कोणाच्या हातात द्यायचे, असे विचारते. हा फरक वयाचा किंवा तंत्रज्ञानाच्या अज्ञानाचा आहे असे मानण्याची सवय पडून गेली आहे. वस्तुतः हे तिन्ही प्रश्न या परिसरात घराघरापर्यंत तार ज्या रीतीने आली त्या रीतीतून उपजलेले आहेत, आणि ग्राहकाला निवड करता येणे ही गोष्ट त्या इतिहासात फार उशिरा येते.

बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. रुळांच्या कडेने तारायंत्राचे खांब आले. मात्र ती तार सरकारची, रेल्वेची आणि व्यापाऱ्यांची होती, घरांची नव्हती. मुंबईत दूरध्वनीचे पहिले केंद्र, म्हणजे ज्याला पुढे सर्वजण एक्स्चेंज म्हणू लागले ते सर्व जोडण्या एकत्र आणणारे ठिकाण, १८८२ साली एका खासगी कंपनीने सुरू केले, आणि १९४३ मध्ये सरकारने मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील दूरध्वनी कंपन्या ताब्यात घेतल्या. स्वातंत्र्यानंतर गिरगाव, दादर, परळ येथील चाळींमधून निघून स्वस्त आणि स्वतंत्र ‘ब्लॉक’च्या शोधात जी मराठी नोकरदार कुटुंबे ठाण्यात आणि त्याहून अधिक संख्येने डोंबिवलीत आली, ती अशा शहरांत आली जेथे घरगुती दूरध्वनी देणारी संस्था एकच होती, ती म्हणजे केंद्र सरकारचे डाक-तार खाते.

या एकाच खात्याचे पुढे जे विभाजन झाले, त्याने लोहमार्गावर एकमेकांपासून सुमारे १५ किलोमीटरवर असलेली ठाणे आणि डोंबिवली ही शहरे दूरसंचाराच्या नकाशावर मात्र दोन वेगळ्या मुलखांत टाकली. १९८५ साली डाक आणि दूरसंचार हे विभाग वेगळे झाले. १ एप्रिल १९८६ रोजी महानगर टेलिफोन निगम ही सरकारी कंपनी, म्हणजेच एमटीएनएल, दिल्ली आणि मुंबई या दोन महानगरांसाठी स्थापन झाली, आणि ठाणे व नवी मुंबई तिच्या क्षेत्रात धरली गेली. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ हा पट्टा मात्र दूरसंचार खात्याकडेच राहिला आणि १ ऑक्टोबर २००० रोजी त्या खात्याच्या सेवांची भारत संचार निगम, म्हणजेच बीएसएनएल, ही कंपनी झाली तेव्हा तिच्या कल्याण दूरसंचार जिल्ह्यात आला. ठाण्याच्या क्रमांकापुढे मुंबईचाच ०२२ हा संकेतांक लागला आणि कल्याण-डोंबिवलीच्या क्रमांकापुढे ०२५१. दोन्ही शहरांतील माणसे रोज एकाच लोकलने एकाच कार्यालयात जात होती. तथापि ठाण्याहून दादरला केलेला फोन स्थानिक ठरत असे आणि डोंबिवलीहून केलेला तसा ठरत नसे. काही काळ तर डोंबिवलीकराला मुंबईच्या नंबरापुढे ९५ हा जादा अंक फिरवावा लागे, कारण जवळच्या अंतरासाठीची सवलत त्या अंकावर अवलंबून होती. मोबाइलचे परवाने देताना मात्र सरकारने मुंबईच्या सेवाक्षेत्रात कल्याण दूरध्वनी क्षेत्राचा समावेश केला, त्यामुळे एकाच डोंबिवलीकराचा खिशातील फोन मुंबईचा आणि दिवाणखान्यातील फोन उर्वरित महाराष्ट्राचा, असा प्रकार झाला. प्रशासकीय सोयीसाठी आखलेल्या रेषा नागरिकांच्या दैनंदिन जीवनाशी किती बेफिकीर असू शकतात याचे हे उदाहरण आहे.

हा भेद असला तरी दोन्ही मुलखांतील मूळ अनुभव सारखाच होता, आणि तो प्रतीक्षेचा होता. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने स्वतःच नोंदविल्याप्रमाणे तेव्हा देशात दर शंभर माणसांमागे ०.८ इतकेच दूरध्वनी होते, चालू जोडण्या ८० लाखांहून थोड्या अधिक होत्या आणि प्रतीक्षायादीत सुमारे २५ लाख अर्ज पडून होते. अर्ज करून नंबर ‘लागण्या’ची वाट पाहणे हा गॅसजोडणी आणि स्कूटरप्रमाणेच गृहस्थाश्रमाचा एक भाग होता. मोठी अनामत आगाऊ भरून यादीत वरचे स्थान देणारी ‘ओन युवर टेलिफोन’ नावाची योजना होती, परंतु बँकेत किंवा मंत्रालयात कारकुनी करणाऱ्याला ती सहज परवडणारी नव्हती. ज्या घरात फोन होता त्या घराचा नंबर मजल्यावरील इतरांच्याही उपयोगी पडे. लग्नपत्रिकांवर आणि नोकरीच्या अर्जांवर नंबरापुढे ‘पी.पी.’ अशी अक्षरे छापलेली असत. त्यांचा अर्थ एवढाच की फोन शेजाऱ्यांचा आहे आणि ते संबंधित व्यक्तीला बोलावून देतील. दूरध्वनी ही त्या काळात एका कुटुंबाच्या नावावर असलेली पण पूर्ण मजल्याची सोय होती, आणि त्यामुळे तो नंबर घराच्या पत्त्याइतकाच कुटुंबाच्या ओळखीचा झाला. आज सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाला तो नंबर सोडवत नाही याचे कारण भावुकतेपेक्षा व्यावहारिक आहे: बँक, विमा, निवृत्तिवेतन कार्यालय, डॉक्टर, गावाकडचे नातेवाईक या सर्वांच्या वह्यांत कित्येक वर्षे तोच नंबर लिहिलेला आहे.

त्या व्यवस्थेत ग्राहकाला पुरवठादार निवडता येत नव्हता, पण पुरवठादाराचा एक माणूस त्याच्या ओळखीचा असे, तो म्हणजे लाइनमन. तांब्याच्या दोन तारांची जोडी एक्स्चेंजमधून निघून जमिनीखालच्या जाड केबलमधून रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या लोखंडी पेटीपर्यंत, तेथून खांबावरच्या लहान डब्यापर्यंत आणि तेथून घरापर्यंत येई, आणि यांतील कोणत्याही सांध्यात पाणी शिरले की फोन ‘डेड’ होई किंवा दुसऱ्याचेच संभाषण ऐकू येई. पावसाळ्यात हे हमखास घडे. १९८ या क्रमांकावर तक्रार नोंदविली जात असे खरी, पण कोणत्या पेटीत कोणाची जोडी कोठे आहे हे ज्ञान नोंदवहीपेक्षा लाइनमनच्या डोक्यात अधिक असे, आणि म्हणून त्याला दिवाळीची बक्षिसी देणे हा लाचेपेक्षा परिचय राखण्याचा प्रकार समजला जाई. (त्या दोहोंतील सीमारेषा नेहमीच स्पष्ट होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल.) सेवेची खात्री संस्थेत नसून ओळखीच्या माणसात असते, हा धडा या शहरांतील एका पूर्ण पिढीने येथे घेतला, आणि पुढील प्रत्येक टप्प्यावर तिने तोच वापरला.

दुसरी तार सरकारी नव्हती. १९९१ च्या आखाती युद्धाचे उपग्रहावरून आलेले चित्रण, त्याच वर्षी आलेल्या स्टार वाहिन्या आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू झालेली झी ही वाहिनी यांमुळे केबल दूरचित्रवाणीचा जो धंदा उभा राहिला, त्याने नियमन येण्याची वाट पाहिली नाही. केबल जाळ्यांचे नियमन करणारा कायदा १९९५ साली झाला तेव्हा इमारतींच्या गच्च्यांवरून तारा केव्हाच पसरलेल्या होत्या. ही तार समाक्षी, म्हणजे मध्ये एक तांब्याची शीर आणि तिच्याभोवती जाळीचे वेष्टन असलेली, काळी आणि जाड होती. एका ठिकाणी तबकडी बसवून घेतलेले संकेत ती एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर, झाडाला किंवा रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला बांधून, नेत असे, आणि मधे मधे संकेत क्षीण झाला की तो वाढविणारे अॅम्प्लिफायर एखाद्या जिन्याखाली विजेवर चालत. ठाण्याच्या नौपाड्यातील वा डोंबिवलीच्या रामनगरमधील एका गल्लीचा केबलवाला ठरलेला असे. शेजारच्या गल्लीचा दुसरा. कागदावर ही बाजारपेठ होती, परंतु प्रत्यक्षात हद्दी वाटलेल्या होत्या आणि ग्राहकाला मिळणारी निवड म्हणजे केबल घ्यावी की न घ्यावी इतकीच होती. तरीही या व्यवस्थेविषयी ज्येष्ठांचे मत सरकारी दूरध्वनीविषयीच्या मतापेक्षा पुष्कळदा बरे असते. केबलवाला त्याच वस्तीत राहत असे, दरमहा त्याचा मुलगा पावतीपुस्तक घेऊन दारात येई, रोख पैसे घेई, आणि क्रिकेटच्या सामन्याच्या वेळी चित्र गेले तर त्याला जिन्यात गाठता येई. ज्येष्ठ आजही ‘पैसे कोणाच्या हातात द्यायचे’ असे विचारतात ते या पावतीपुस्तकामुळे.

इंटरनेट या दोन तारांपैकी पहिल्या तारेवरून आले. विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएल, या कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी सेवा सुरू केली, आणि १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले. ही सेवा ‘डायल-अप’ होती, म्हणजे मोडेम नावाचे यंत्र दूरध्वनीवरून एक क्रमांक फिरवी, शिट्ट्यांसारखे आवाज होत, आणि जितका वेळ जोडणी चालू तितका वेळ फोन व्यग्र राही व त्याचे मीटरही फिरत राही. घरातील तरुण आणि वडीलधारे यांच्यात तारेवरून होणारे पहिले भांडण येथे सुरू झाले. बहुसंख्यांनी ते भांडण टाळून कोपऱ्यावरचे सायबर कॅफे पसंत केले.

खरा बदल २००४-०५ मध्ये झाला. केंद्राच्या ऑक्टोबर २००४ मधील ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट इतका वेग असलेल्या कायम चालू जोडणीला ब्रॉडबँड म्हणावे असे ठरविले (ही किमान मर्यादा पुढे २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली), आणि २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलने ‘डेटावन’ तर एमटीएनएलने ‘ट्राय-बँड’ या नावांनी ती सेवा बाजारात आणली. तंत्र डीएसएलचे होते: त्याच जुन्या तांब्याच्या जोडीवरून आवाजाच्या वरच्या कंप्रतांत माहिती पाठविली जाई, आणि घरात ‘स्प्लिटर’ नावाची छोटी डबी आवाज व माहिती वेगळी करून देई, त्यामुळे फोनवर बोलता बोलता इंटरनेटही चाले. या तंत्राची एक मर्यादा शहराच्या भूगोलाशी थेट जोडलेली होती. तांब्याच्या तारेवरचा संकेत एक्स्चेंजपासूनच्या अंतराबरोबर क्षीण होतो; म्हणून एक्स्चेंजजवळच्या जुन्या गावठाणातील इमारतीला जो वेग मिळे तो शहराच्या कडेने नव्याने वाढणाऱ्या वस्त्यांना मिळत नसे, आणि ज्या रस्त्यांवर सर्वांत जास्त नवी घरे होत होती तेथेच सरकारी तार सर्वांत दुबळी होती. खासगी पुरवठादारांना वाव मिळाला तो नेमका या पट्ट्यांत.

दर आकारण्याची पद्धतही घरातील दिनक्रम ठरवीत होती. महिन्याला ठरावीक मेगाबाइट वापरता येत आणि त्यापुढे प्रत्येक मेगाबाइटला पैसे पडत; मात्र बीएसएनएलच्या एका लोकप्रिय योजनेत रात्री २ ते सकाळी ८ या वेळात वापर अमर्याद होता, आणि त्यामुळे अनेक घरांत मुले पहाटेचा गजर लावून डाउनलोड सुरू करीत. महिन्याअखेरीस अनपेक्षित मोठे बिल आल्याच्या कथा याच काळातील आहेत. आज ‘अनलिमिटेड’ या शब्दाकडे ज्येष्ठ मंडळी संशयाने पाहतात, आणि तो संशय अगदीच निराधार नाही: मर्यादेनंतर वेग कमी करणारी ‘योग्य वापर’ नावाची अट अनेक योजनांत बारीक अक्षरांत असते.

याच सुमारास, २००५ पासून काही वर्षे, महाराष्ट्रात विजेचा मोठा तुटवडा होता. मुंबई शहर त्यातून बहुतांशी सुटले, पण महावितरणच्या क्षेत्रातील ठाणे आणि कल्याण-डोंबिवली यांना भारनियमन, म्हणजे ठरवून केलेली वीजकपात, सोसावी लागली. या अनुभवाचा जोडणीशी असलेला संबंध दुर्लक्षिला जातो. जुना दूरध्वनी घरातील विजेवर चालत नव्हता. एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांतून ४८ व्होल्टचा प्रवाह त्याच तांब्याच्या तारेतून येत असे आणि म्हणून शहर अंधारात असतानाही फोन वाजत असे. केबल आणि डीएसएलचा मोडेम यांचे तसे नव्हते, आणि जिन्याखालचा अॅम्प्लिफायर बंद पडला तर स्वतःच्या घरी इन्व्हर्टर असूनही उपयोग नसे. वीज गेली तरी फोन चालेल का, हा ज्येष्ठांचा आणखी एक आवडता प्रश्न आहे आणि आजच्या प्रकाशतंतूच्या जोडणीबाबत त्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, कारण काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. घरातील डबीला स्वतंत्र बॅटरी जोडली नसेल तर रात्रीच्या वेळी डॉक्टरांना बोलावण्याचे ते साधन ठरत नाही. निवड करून देणाऱ्या तरुणाने हे सांगितलेले नसते, कारण त्याच्या हातात मोबाइल असतो.

केबलवाल्याची भूमिका दूरचित्रवाणीच्या सक्तीच्या डिजिटलीकरणाने बदलली. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात ३१ मार्च २०१३ ही मुदत असलेल्या ३८ शहरांत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही होती. प्रत्येक घरात सेट-टॉप बॉक्स आल्यामुळे ग्राहक किती आहेत हे आता मोठ्या वितरक कंपन्यांना थेट कळू लागले, गल्लीच्या केबलवाल्याचा नफा घटला, आणि पुष्कळांनी त्याच तारांच्या वाटेने इंटरनेट विकण्याचा जोडधंदा वाढविला. कोणी मोठ्या कंपनीचा प्रतिनिधी झाला, कोणी लहान परवानाधारकाशी भागीदारी केली. ग्राहकाच्या दृष्टीने माणूस तोच राहिला, पावतीवरचे नाव बदलत गेले. पुढे हे नाव आणखीच फसवे झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांत बहुसंख्य हिस्सा घेण्याचे जाहीर केले, आणि दुसरीकडे बीएसएनएलने प्रकाशतंतूची जोडणी घरापर्यंत नेण्यासाठी स्थानिक केबलचालकांशीच उत्पन्नाच्या वाटणीवर करार करण्यास आरंभ केला. म्हणजे सरकारी जोडणी घ्यावी म्हणून अर्ज करणाऱ्या ज्येष्ठाच्या दारात तार ओढायला जुना केबलवाला येऊ शकतो, आणि गल्लीतला ओळखीचा म्हणून ज्याच्याकडे जावे तो देशातील सर्वांत मोठ्या उद्योगसमूहांपैकी एकाच्या साखळीतील शेवटची कडी निघू शकतो. सरकारी की खासगी, स्थानिक की मोठा, या वर्गवारीवर आधारलेले जुने शहाणपण येथे निकामी होते.

प्रकाशतंतू, म्हणजे केसाएवढ्या काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या स्पंदांनी माहिती नेणारी तार, घराघरात नेण्याची मोठी लाट ५ सप्टेंबर २०१९ रोजी जिओफायबरची व्यापारी सेवा सुरू झाल्यावर आली, आणि मार्च २०२० च्या टाळेबंदीने तिला गरजेचे रूप दिले. कचेऱ्या आणि शाळा घरात आल्या. ज्येष्ठांच्या बाबतीत परदेशी असलेल्या मुलांशी रोजचे दृक्संभाषण, बँकेचे व्यवहार आणि २०१४ पासून सुरू असलेला निवृत्तिवेतनधारकांचा ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल हयातीचा दाखला, या गोष्टींमुळे इंटरनेट ही मुलांची चैन राहिली नाही. परंतु निवडीचा अधिकार कुटुंबाकडे पूर्णपणे आला असे याही टप्प्यावर म्हणता येत नाही, कारण मधे सोसायटी उभी होती. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील किंवा डोंबिवलीजवळच्या पलावासारख्या नव्या वसाहतींतील संकुलांत तारा इमारतीत शिरण्याच्या जागा विकासकाच्या वा गृहनिर्माण संस्थेच्या ताब्यात असतात, आणि कार्यकारिणीने ज्या एका-दोन कंपन्यांना आत येऊ दिले त्यांतूनच निवड करावी लागते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे १९९७ साली स्थापन झालेल्या ट्रायने, इमारतीत एकाच कंपनीला मक्ता देऊ नये अशा आशयाच्या शिफारशी २०१७ मध्ये केल्या. डोंबिवलीतील तीन मजली जुन्या इमारतीत असे दार नसते, तेथे कोणीही गच्चीवरून तार सोडतो. इमारतीचे रहिवासी मात्र पावसाळ्यात तार लोंबते, तुटते आणि तिचा मालक कोण हे कोणालाच ठाऊक नसते, अशी तक्रार करतात. निवडीची मुभा आणि सेवेची शिस्त या दोन गोष्टी या परिसरात क्वचितच एका इमारतीत राहिल्या आहेत.

या सर्व काळात ज्याच्या भरवशावर जुनी व्यवस्था चालली तो लाइनमन नाहीसा झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्राने बीएसएनएल व एमटीएनएल यांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी दोन्ही कंपन्यांतील मिळून ९२ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने एकाच दिवशी बाहेर पडले. आर्थिकदृष्ट्या त्या निर्णयाचे समर्थन करता येईल, पण कोणत्या पेटीत कोणाची जोडी आहे हे ज्ञानही त्या दिवशी सेवानिवृत्त झाले. त्यानंतर ठाण्यात आणि डोंबिवलीत महिनोन्महिने ‘डेड’ राहिलेले फोन आणि तरीही भरले जाणारे मासिक भाडे हे दृश्य असामान्य राहिले नाही. ज्येष्ठ ग्राहक त्या फोनला चिकटून राहतात तेव्हा ते पूर्वीच्या सेवेशी निष्ठा राखत असतात, जी सेवा आता त्या नावाखाली नाही, आणि येथे तरुण नातेवाइकाचे म्हणणे बरोबर ठरते.

उलट बाजूने पाहता, तरुणाच्या प्रश्नांना या इतिहासात फारसा आधार नाही. दूरचित्रवाणी, दृक्संभाषण आणि बँकेचा व्यवहार एवढाच वापर असलेल्या दोन माणसांच्या घराला ४० किंवा ५० मेगाबिट पुरतात. ३०० मेगाबिटची जोडणी त्यांच्या आयुष्यात काही बदल करीत नाही, पण बिघाड झाल्यावर आठ दिवस कोणी न येणे पुष्कळ बदल करते. ट्रायने २००६ साली ब्रॉडबँडसाठी जे सेवा-दर्जाचे विनियम केले त्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक बिघाड दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत दुरुस्त व्हावेत असा निकष होता, आणि तीन कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त वेळ लागल्यास टप्प्याटप्प्याने भाड्यात सूट, पंधरा दिवस उलटल्यास पूर्ण महिन्याच्या भाड्याची सूट, अशी तरतूद होती. २०२४ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. म्हणजे ‘बिघडले तर कोण येणार’ हा ज्येष्ठांचा प्रश्न नियामकानेही मध्यवर्ती मानला होता. अशी सूट मागता येते हे मात्र फारच थोड्या ग्राहकांना ठाऊक होते, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांना ती स्वयंचलित उत्तरे देणाऱ्या क्रमांकावर मागावी लागत असे. तक्रारीची नोंद, तिचा क्रमांक आणि ती बंद झाल्याचा संदेश हे सर्व मोबाइलवर आणि बहुधा अॅपमधून चालते. ज्येष्ठांच्या जोडणीवर नोंदविलेला मोबाइल दुसऱ्या शहरातील मुलाचा असेल तर तंत्रज्ञ दारात उभा असताना पडताळणीचा सांकेतिक क्रमांक पुण्यात किंवा परदेशात वाजतो. यावर उपाय म्हणून नोंद घरातल्या माणसाच्याच मोबाइलवर ठेवणे हे तसे साधे आहे. ते सुचत नाही, कारण निवड करणाऱ्याला ही जोडणी आपलीच वाटू लागलेली असते.

तेव्हा ठाण्यात वा कल्याण-डोंबिवलीत वडीलधाऱ्यांसाठी पुरवठादार ठरविताना सर्वांत भरवशाचा पुरावा कंपनीच्या जाहिरातीत नसून त्याच इमारतीत आहे, कारण येथे तारेचा दर्जा कंपनीगणिक जितका बदलतो त्यापेक्षा गल्लीगणिक अधिक बदलतो. त्याच जिन्यावरील इतर घरांत कोणाची तार आहे, मागच्या पावसाळ्यात ती किती दिवस बंद होती आणि दुरुस्तीला आलेला माणूस कोठून आला, हे विचारणे ज्येष्ठांना स्वाभाविकपणे जमते आणि तरुणांनी त्यांनाच ते करू द्यावे. वर्षाचे पैसे एकदम भरून मिळणारी सवलत पहिल्या वर्षी घेऊ नये, कारण महिन्याचे भाडे थांबविता येणे हे या ग्राहकाकडचे एकमेव हत्यार आहे. जुन्या नंबराबाबत मात्र तडजोड करता येत नाही. मोबाइलचा क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. घरातील स्थिर दूरध्वनीला ती सोय नाही, आणि म्हणून ०२२ किंवा ०२५१ चा नंबर ज्याला ठेवायचा आहे त्याला आजही ज्या कंपनीने तो दिला तिच्याकडेच राहावे लागते.